रुमाल टाकलेली जागा

अरविंद देगलूरकरांच्या गळ्याबद्दल त्यांच्या घरात एकमत होतं. एरवी त्या घरात चहात साखर किती घालावी यावरसुद्धा दोन पक्ष पडायचे. पण यजमानांनी गाऊ नये, या ठरावाला मुलगा, सून, शेजारच्या रेड्डीबाई आणि खुद्द पत्नी शोभाताई यांचा बिनविरोध पाठिंबा होता. अडचण एवढीच, की आपण गातो आहोत हे अरविंदरावांना कळायचंच नाही. आवडीचं गाणं लागलं की इतरांची मान डोलते, पाय ताल धरतो. अरविंदरावांचं तोंड उघडायचं.

आणि 'टमटम'ची सगळीच गाणी त्यांच्या आवडीची होती.

'टमटम' हा हैदराबादच्या चार मराठी पोरांनी काढलेला पॉप बँड. गणेशोत्सवात नाट्यगीतांखेरीज काही वाजलं तर मंडळाची वडीलधारी मंडळी उठून बाहेर जात, त्या काळातली गोष्ट. या चौघांनी गिटार, ड्रम आणि कीबोर्ड आणला, मराठीत थोडी दखनी घुसळली, आणि नल्लकुंट्यापासून नामपल्लीच्या नुमाइशपर्यंत, म्हणजे तिथल्या वार्षिक प्रदर्शनापर्यंत, पोरापोरींना वेड लावलं. कुलदीप गायचा, युवराज गिटार वाजवायचा, अभिजीत ड्रमवर असायचा, आणि चाली बांधणारा सुरेश कीबोर्डमागे उभा राहायचा. त्यांची एक कॅसेट निघाली. दुसरी निघण्याआधी कॅसेटवाल्यानेच दुकान बंद केलं. त्यामुळे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'रुमाल टाकला गं', कुठल्याच कॅसेटवर आलं नाही. ते फक्त मंचावर वाजलं.

अरविंदरावांनी मात्र ते दरवेळी टेप केलं होतं. मांडीवर रेकॉर्डर घेऊन ते पहिल्या रांगेत बसत. त्या टेपा आजही दिलसुखनगरच्या त्यांच्या घरात आहेत. त्यांत आधी टाळ्या ऐकू येतात, मग थोडी गिटार, आणि मग शेवटपर्यंत अरविंदराव.

आता इतक्या वर्षांनी 'टमटम' पुन्हा एकत्र येणार होतं. मराठी मंडळाचा एकच कार्यक्रम, एकदाच. कुलदीप पुण्याहून येणार, अभिजीत बेंगळुरूहून, युवराज इथलाच. सुरेश येणार नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. कीबोर्डमागे नुसता बस, असं युवराज सांगून पाहत होता. सुरेशने पाटीवर लिहून कळवलं की हार घातलेल्या फोटोचं काम करायला तो अजून मोकळा नाही.

पाटी म्हणजे नातवाची, लाकडी चौकटीची. बोलता येत होतं तेव्हा सुरेश फार बोलायचा नाही. हातात खडू आल्यापासून तो टोचून लिहायला लागला होता. अरविंदराव त्याला भेटायला नल्लकुंट्याला गेले, तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं, 'रुमाल शूट करून आण.' अरविंदराव हौ हौ म्हणेपर्यंत त्याने खाली जोडलं, 'तुझा आवाज नको.'

अरविंदराव हसले. सुरेश हसला नाही. त्याने पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, 'हे गाणं मी आतून ऐकलंय. बाहेरून कधीच नाही.'

सुरेशच्या बायकोने, मंगलावहिनींनी, मग बाहेरच्या खोलीत समजावून सांगितलं. मंचावर सुरेशच्या कानात फक्त अभिजीतचे ड्रम असायचे, आणि घरी ऐकायला अरविंदरावांच्या टेपा. आपण बांधलेलं गाणं कसं वाजतं हे त्या माणसाला आजवर कळलेलं नव्हतं. ऑपरेशननंतर त्याने एवढी एकच गोष्ट मागितली होती. कार्यक्रमाचं अधिकृत चित्रीकरण होणार होतं, पण ते लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे दिलेलं. त्याचं काम चोख असतं, फक्त शेवटी सगळ्यावर शहनाई लावायची त्याची पद्धत आहे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं एक गाणं. तोंड मिटून."

अरविंदरावांनी शब्द दिला, आणि जिना उतरताना त्यांना घाम फुटला. पोटात आवाज नावाचा जो इसम राहतो त्याच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. घरी आल्यावर त्यांनी फोनवर सराव केला. शोभाताईंनी कॅसेट लावली, अरविंदरावांनी ओठ आवळून चित्रीकरण केलं. ऐकून पाहिलं तर पहिल्या कडव्यापासून एक म्हैस हंबरत होती. दुसऱ्यांदा त्यांनी दातांत रुमाल धरला. म्हैस लांब गेली, पण गेली नाही.

उपाय शोभाताईंना सुचला. माणूस गात नाही अशी एकच अवस्था त्यांनी आजवर पाहिली होती. "तोंडात पान ठेवा," त्या म्हणाल्या. "पूर्ण पान. वर बघून बोलावं लागतं तेवढं."

त्याप्रमाणे कार्यक्रमाच्या संध्याकाळी दोघं मेट्रोने नामपल्लीला उतरले आणि स्टेशनबाहेरच्या पानवाल्याकडून गुलकंदाचं मोठं पान बांधून घेतलं. लहान बाळाच्या मुठीएवढं. सभागृहाच्या दारावर राखणदाराने खिसे चाचपले. पुडी हाताला लागली. "पान अंदर नक्को साब, कार्पेट नवा है." अरविंदराव म्हणाले, खायला नाही, दवा आहे. राखणदाराने आयुष्यात बरीच कारणं ऐकली असावीत, पण हे ऐकून तोही गोंधळला. तेवढ्यात मागून रेटा आला आणि अरविंदराव पुडीसकट आत लोटले गेले.

पहिल्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर शोभाताईंनी रुमाल टाकला, शेजारी पर्स ठेवली. बसमध्ये, लग्नात, नुमाइशमध्ये, कुठेही आपल्या लोकांची हीच पद्धत. रुमाल पडला की तिथे माणूस बसलेला आहे असं धरायचं. 'टमटम'चं गाणंही त्यावरच होतं. पोरगा बसच्या खिडकीतून आत रुमाल टाकतो आणि शेजारी बसलेल्या पोरीला जागा राखायला सांगतो.

जागा मिळाली तोच मंडळाची कार्यकर्ती आली. मानसी, नवी कमिटी मेंबर, हायटेक सिटीत नोकरी, गळ्यात ओळखपत्र. तिने आधी वाकून नमस्कार केला आणि मग सांगितलं की काका, मोबाईलने व्हिडिओ अलाऊड नाहीये, सापडला तर फोन आमच्याकडे डिपॉझिट. अरविंदरावांनी मान हलवली आणि फोन मांडीखाली सरकवला.

मंचावर पडदा सरकला तेव्हा कीबोर्ड मांडलेला होता आणि त्यामागच्या स्टुलावर एक पांढरा रुमाल टाकलेला होता. लोकांच्या ते लक्षात आलं, आणि कुणी काही बोलण्याआधीच टाळ्या सुरू झाल्या. अरविंदरावांच्याही ओठांवर धृपद आलं. ते त्यांनी लगेच खाली ढकललं. घसा आज दुसऱ्या कामाला हवा होता, म्हणजे कुठल्याच कामाला नको होता.

मग दीपप्रज्वलन झालं. मग मंडळाचे अध्यक्ष केशवराव उठले. केशवरावांनी बँडचा परिचय करून दिला, त्यात मंडळाचा इतिहास आला, मंडळाच्या इतिहासात केशवरावांचे वडील आले. नारळ, शाली झाल्या. शाली पांघरवणाऱ्यांचाही शाल देऊन सत्कार झाला. शालीत गुंडाळलेला अभिजीत ड्रममागे घाम पुसत बसला. दिलेल्या वेळेत सभागृह रिकामं करावं लागेल, असं व्यवस्थापकाने विंगेतून खुणेने सांगितलं, आणि केशवरावांनी ती खूण आभार मानायच्या यादीत घेतली.

गाणी सुरू झाली तेव्हा अर्धा वेळ संपला होता. पण गाणी मात्र झाली. कुलदीपचे केस गेले होते, आवाज थोडा जाड झाला होता, तरी पहिल्या ओळीला मागची रांग उभी राहिली. अरविंदराव दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले. तीन गाणी ते शोभाताईंच्या परवानगीने मनसोक्त गायले, म्हणजे साठलेलं निघून जावं. पुढची खुर्ची नव्हती, म्हणून कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मग कुलदीपने माइक हातात घेतला आणि सांगितलं की विंगेत दिवे बंद करायला माणूस येऊन उभा आहे, तेव्हा शेवटचं. "आमच्या सुरेशचं. पुन्हा होणार नाही."

शोभाताईंनी पुडी उघडली. अरविंदरावांनी आ केला. पान आत गेलं आणि गाल फुगले. त्यांनी कोपरं मांडीवर घेतलेल्या पर्सवर टेकवली, फोन आडवा धरला, लाल ठिपका पाहिला.

युवराजने सुरुवातीची सुरावट छेडली. कुलदीपने उचललं:

*रुमाल टाकला गं, जागा धर,*
*मी बसच्या दारात लोंबकळतो.*

सभागृह गायला लागलं. अरविंदरावांच्या पोटातून ते वर आलं, नेहमीसारखं, आणि पानावर आदळून परतलं. लवंग टाळूला टोचत होती. डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज नाही. फोनच्या चौकटीत चौघांची जागा दिसत होती, तिघं जण आणि एक रुमाल. पहिला अंतरा सुरू झाला. अजून आवाज नाही. अरविंदरावांना वाटलं, जमलं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मानसी. ती वाकून हळू आवाजात म्हणत होती की काका, मी सांगितलं होतं ना, द्या इकडे. तिचा हात फोनकडे आला. अरविंदरावांना बोलायचं होतं, पण बोलणार कसे. त्यांनी नुसते डोळे मोठे केले. फुगलेले गाल आणि पाणावलेले डोळे पाहून मानसीला वाटलं, काकांना झटका आला. ती दचकून मागे झाली. ती डॉक्टर म्हणून हाक मारणार, तेवढ्यात शोभाताईंनी तिला मनगटाला धरून खाली ओढलं आणि तिच्या कानात काय ते सांगितलं. मानसीने स्टुलावरच्या रुमालाकडे पाहिलं. मग ती तिथेच पायऱ्यांवर बसली आणि मागून दुसरा कार्यकर्ता यायला लागला त्याला तिनेच हाताने थांबवलं.

चौकट हलली नव्हती. पहिला अंतरा संपला. आणि कुलदीप, युवराज, अभिजीत, तिघांनी एकदम माइकपासून तोंड मागे घेतलं आणि डावीकडे पाहिलं.

डावीकडे रुमाल होता.

दुसरा अंतरा सुरेशचा असायचा. नेहमीच. तिघांनी मागे व्हायचं आणि त्याने कीबोर्डमागून उचलायचं, ही त्यांच्या अंगातली सवय. यावेळी सराव त्यांनी फोनवरून केला होता, तीन गावांतून. दुसऱ्या अंतऱ्याशी आले की प्रत्येकजण आदराने गप्प व्हायचा, जागा नुसती वाजवून पुढे जायचा. 'इथे कोण गाणार' हे विचारणं त्यांना बरं वाटलं नाही. सुरेश जिवंत असताना त्याची जागा वाटून घेतल्यासारखं झालं असतं. कुलदीपने धरलं की युवराज गाणार. युवराजने धरलं की अर्थात कुलदीप. अभिजीतला कुणी काही विचारतच नाही. आणि खरी गोष्ट अशी, की त्या ओळी तिघांपैकी कुणालाच येत नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी त्या पाठीमागून ऐकल्या होत्या, बहुधा पाणी पिताना.

युवराजने तेच चार सूर परत वाजवले. लोकांना वाटलं, असंच असतं. त्याने तिसऱ्यांदा वाजवले. कुलदीपने माइकजवळ येऊन तोंड उघडलं आणि मिटलं. सभागृहातल्या टाळ्या विस्कटल्या, मग थांबल्या. गाणं कॅसेटवर नसल्यामुळे लोकांना धृपदापलीकडे काही येत नव्हतं. अभिजीत ताल सोडत नव्हता, पण त्याचा चेहरा ब्रेक लागत नसलेल्या ड्रायव्हरसारखा झाला होता. विंगेत दिवे बंद करायला आलेला माणूस घड्याळाकडे बघत एक पाऊल पुढे आला.

त्या अख्ख्या सभागृहात तो अंतरा एका माणसाला येत होता, आणि त्याच्या तोंडात पान होतं.

अरविंदरावांनी फोनच्या चौकटीतून कुलदीपकडे पाहिलं. हे सगळं चित्रित होत होतं. सुरेशला दिसणार होतं. स्वच्छ आवाजात, कुणाचाही आवाज मध्ये न येता, आपल्या गाण्यात आपल्या जागी पडलेलं भोक. तो ते बाहेरून ऐकणार होता. आणि अरविंदराव गायले तर तो पुन्हा एकदा अरविंदरावांना ऐकणार होता, ते न ऐकण्यासाठी त्याने पाटीवर खडू झिजवला होता.

अरविंदरावांचा जबडा हलायला लागला. शोभाताईंना तो अंधारातही दिसला. त्यांनी कोपर घट्ट धरलं.

"नक्को," त्या म्हणाल्या. "अहो, सुरेशभाऊजींना शब्द दिलाय."

युवराज पाचव्यांदा की सहाव्यांदा त्याच चार सुरांवर आला. आता तो कुणाकडेच पाहत नव्हता. कुलदीपने हात वर केला. शेवट करायची त्यांची जुनी खूण. हात खाली आला की संपलं.

अरविंदरावांनी पान गिळलं. सुपारी, गुलकंद आणि लवंगेसकट. ते जाताना कुठे कुठे लागलं हे त्यांनी नंतर बऱ्याच जणांना सविस्तर सांगितलं. हातातला फोन त्यांनी हलू दिला नाही, आणि बसल्या जागेवरून, डोळ्यांतून पाणी काढत, गायले:

*जागा माझी तशीच ठेव, रुमाल माझा काढू नक्को…*

कुलदीपचा हात हवेतच राहिला. सूर गाण्याच्या शेजारच्या गल्लीतला होता, पण शब्द बरोबर होते. कुलदीप मंचाच्या काठाशी आला, गुडघ्यावर बसला, आणि त्याने माइक खाली धरला. अरविंदरावांना दुसरा विचार करायला वेळ मिळाला नाही.

*पुढच्या थांब्यावर येतो मी, बसची घंटी मारू नक्को!*

तो आवाज नामपल्लीत बराच लांबपर्यंत गेला असावा. अभिजीतने ड्रमवर जो घाव घातला तो सुटकेचा होता. कुलदीपने तीच ओळ वर घेऊन सुरात ठेवली, युवराज धृपदावर उतरला, आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मानसी पायऱ्यांवर उभी राहून, एकही शब्द येत नसताना, गात होती. शोभाताईंनी कोपर सोडलं नव्हतं. गाणं संपेपर्यंत फोन सरळ होता. अरविंदरावांनी लाल ठिपका बंद केला आणि ते खुर्चीत मागे रेलले. आजूबाजूचे लोक त्यांची पाठ थोपटत होते. ते म्हणत होते की बिघडलं, सगळं बिघडलं. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच नल्लकुंट्याला गेले. शोभाताई म्हणाल्या होत्या, तुमचं तुम्ही निस्तरा. सुरेश खिडकीपाशी बसला होता, पाटी मांडीवर. काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अरविंदरावांनीच युवराजला आणि कुलदीपला फोन करून तसं बजावलं होतं. त्यांना ते स्वतः सांगायचं होतं, आणि दारातच त्यांनी सांगून टाकलं. "माफ कर. शेवटी तोंड उघडलं."

सुरेशने त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. फोन घेतला, उशीला टेकवून उभा केला, आणि लावला. मंगलावहिनी पोळ्यांचं पीठ हातावर तसंच ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या.

सुरावट आली, धृपद आलं. सुरेश थोडा पुढे झुकला. त्याची उजव्या हाताची बोटं पाटीच्या चौकटीवर चालायला लागली होती. पहिल्या अंतऱ्यात एके जागी त्याने भुवया वर केल्या, जणू हे आपण बांधलंय यावर विश्वास बसत नव्हता. अरविंदराव भिंतीकडे बघत बसले. पुढे काय येणार हे त्यांना माहीत होतं.

अंतरा संपला. पडद्यावर तिघं मागे झाले आणि डावीकडे बघायला लागले. सुरेशची बोटं थांबली. चार सूर, परत चार सूर. कुलदीप तोंड उघडतोय, मिटतोय. सुरेश बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मंगलावहिनी घाबरून एक पाऊल पुढे आल्या, पण तो हसत होता. आवाज न करता, डोळे पुसत, गुडघ्यावर हात मारत. तीन म्हातारे एका रुमालाकडे आशेने बघत होते.

आणि मग फोनमधून अरविंदरावांचा आवाज आला. अगदी जवळून, कानाशी ओरडल्यासारखा. *जागा माझी तशीच ठेव.*

सुरेशचं हसणं थांबलं. त्याने डोळे मिटले आणि गाणं संपून गेल्यावरही थोडा वेळ उघडले नाहीत. अरविंदरावांनी घसा खाकरला. सुरेशने खडू उचलला. पाटीवर लिहिलं, 'दुसरी ओळ वर गेली.'

"हौ रे," अरविंदराव म्हणाले. "पान होतं घशात."

सुरेशने पाटी पुसली आणि लिहिलं, 'परत लाव.'

अरविंदरावांनी परत लावलं. छातीवरचं ओझं उतरलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं, मंगलावहिनी चहा टाकायला आत वळल्या होत्या, युवराजची सुरावट सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे अरविंदरावांना न कळताच त्यांचं तोंड उघडलं. दुसऱ्या अंतऱ्याशी आल्यावर सुरेशने त्यांच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

अरविंदराव गप्प झाले. फोनमधले अरविंदराव बेसूर गात राहिले, आणि सुरेश ऐकत राहिला.